पाळी पुढे ढकलायची गोळी: कोणती, कोणाला आणि कोणासाठी

गौरींसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी का आणि मैत्रिणीसारखी माला-डी सलग घ्यावी का, असं तुम्ही विचारलं आहे. पण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. म्हणून उत्तराला तिथूनच सुरुवात करते.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा डोकं दुखतं, आणि त्याआधी पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर नागमोडी चमकतं, मोबाइलवरची अक्षरं अर्धीच दिसतात, असं तुम्ही लिहिता. तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही, पण हे वर्णन तंतोतंत ऑरा असलेल्या मायग्रेनचं आहे. ऑरा म्हणजे डोकं दुखण्याआधी येणारी अशी लक्षणं. ऑरा असेल तर इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली गोळी, म्हणजे माला-डी किंवा तिच्यासारखी कुठलीही संयुक्त (दोन हार्मोन्सची) गर्भनिरोधक गोळी, घ्यायची नाही. सलग नाही आणि नेहमीच्या पद्धतीनेही नाही. कोणतं गर्भनिरोधक कोणाला चालतं याचे जागतिक आरोग्य संघटनेने चार वर्ग केले आहेत. त्यातल्या चौथ्या, म्हणजे देऊच नये अशा वर्गात हे येतं. कारण पक्षाघाताचा धोका. तरुण वयात तो क्वचित होतो, पण ऑरा आणि इस्ट्रोजेन एकत्र आले की शक्यता बरीच वाढते, बाई सिगारेट ओढत असेल तर आणखी. तुमच्या मैत्रिणीला जी गोळी वर्षभर छान मानवते, ती तुमच्यासाठी नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. लग्नाला दोन वर्षं झाली, सासरी नारायण पेठेत गौरी येतात आणि यंदाही पाळीची तारीख नेमकी गौरीपूजनाच्या आसपास आहे. गेल्या वर्षी जाऊबाईंनी मेडिकलमधून आणून दिलेल्या गोळ्या घेतल्या, काही त्रास झाला नाही. हिंजवडीच्या ऑफिसमधली मैत्रीण माला-डीची पाकिटं सलग घेते, तिला महिनोन् महिने पाळी येत नाही. तुम्हाला पाळीचे पहिले दोन दिवस इतकं दुखतं की रजा टाकावी लागते, म्हणून तुम्हालाही तसंच करावंसं वाटतं. पण रक्त आत साचून राहील का आणि पुढे मूल व्हायला अडचण येईल का, ही भीती आहे.

श्रावण लागला की माझ्याकडे याच प्रश्नांची रांग लागते. मंगळागौर, हरतालिका, गणपती, गौरी, पुढे नवरात्र. आषाढात वारीला निघणाऱ्या बायका असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या मुलींना घेऊन येणाऱ्या आया असतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जाऊबाईंची गोळी आणि मैत्रिणीची गोळी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मेडिकलमध्ये "पाळी पुढे ढकलायची गोळी द्या" म्हटलं की मिळते ती नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची. प्रिमोल्यूट-एन, रेजेस्ट्रॉन वगैरे नावांनी ती येते. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि गर्भाशयाचं अस्तर त्याच्या आधारावर टिकून राहतं. गर्भ राहिला नाही तर हे प्रोजेस्टेरॉन खाली येतं, अस्तराचा आधार सुटतो आणि पाळी येते. नॉरएथिस्टेरॉन हा आधार बाहेरून देते. जितके दिवस गोळी चालू, तितके दिवस अस्तर टिकतं. गोळी बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते.

म्हणूनच ती पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. पाळीची तारीख ३० आणि गौरीपूजन १ तारखेला असेल, तर २७पासून रोज तीन गोळ्या: सकाळी, दुपारी, रात्री. २ तारखेला गौरी विसर्जन झालं की बंद, आणि ४-५च्या सुमाराला पाळी. गोंधळ होतो तो दुपारच्या गोळीचा. पुरणाच्या गडबडीत ती राहते, आणि पूजेच्या दिवशी सकाळीच डाग दिसतो. तीन वेळांचे गजर मोबाइलवर लावून ठेवा, असं मी प्रत्येकीला सांगते. ज्यांची पाळी मुळातच अनियमित असते, विशेषतः पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या मुली, त्यांना तीन दिवस आधी म्हणजे नक्की कधी हेच कळत नाही. त्यांनी मनाने सुरू करण्यात अर्थ नाही. आणि एकदा रक्तस्राव सुरू झाला की ही गोळी घेऊन पाळी माघारी जात नाही. सकाळी पाळी आली आणि दुपारी "आता थांबवा" म्हणून फोन येतो, तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

ही पद्धत चार-आठ दिवसांसाठी, फार तर दोन आठवड्यांसाठी ठीक. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जाणाऱ्या बाईला जवळपास तीन आठवडे हवे असतात, तिथे ही गोळी सोयीची नाही. शिवाय अशी चार दिवस घेतलेली नॉरएथिस्टेरॉन गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही. सणात पाळी ढकलली आणि त्याच महिन्यात दिवस गेले, असं होतं. गोळी थांबवून आठवडा उलटला तरी पाळी आली नाही तर आधी घरच्या घरी लघवीची तपासणी करून घ्या.

आता जे पाकिटावर पाहून कळत नाही, ते. पाच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज घेतल्या की शरीरात त्यातल्या थोड्या भागाचं रूपांतर एथिनिलइस्ट्राडिओलमध्ये होतं. संयुक्त गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन हेच. या डोसला तयार होणारं प्रमाण कमी ताकदीच्या संयुक्त गोळीच्या जवळपास जातं. म्हणजे "ही गर्भनिरोधक गोळी नाही, नुसती पाळी ढकलायची आहे" असं समजून ज्या बाईला इस्ट्रोजेन चालत नाही तीही बिनधास्त घेते, आणि धोका तोच राहतो. पायाच्या शिरेत गुठळी, ती फुप्फुसात जाणं, क्वचित मेंदूच्या शिरेत गुठळी. चिठ्ठीशिवाय देऊ नये अशी ही गोळी काउंटरवर वाण्याकडच्या साखरेसारखी मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मेडिकलवाल्याने एकदा तरी विचारावं: डोकं कसं दुखतं, बीपी आहे का, बाळंतपण कधी झालं, पायात कधी गुठळी झाली होती का. घरात आईला किंवा बहिणीला कमी वयात गुठळी झाली असेल तर तेही कळायला हवं.

त्यातच हरतालिकेचा उपास. कितीतरी जणी तो निर्जळी करतात. गौरीसाठी सुरू केलेली गोळी पोटात आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही. शरीरातलं पाणी कमी होणं हे मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचं माहितीतलं कारण आहे. माझं स्पष्ट सांगणं असतं की गोळी चालू असताना निर्जळी उपास नको. फळं खा, दूध घ्या, भरपूर पाणी प्या. देवी पाण्यावरून रागावत नाही.

मैत्रिणीची माला-डी ही संयुक्त गोळी. लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिलइस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात हीच माला-एन नावाने फुकट मिळते. पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी. पांढऱ्यांत हार्मोन्स, तपकिरीत फक्त लोह. तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत हार्मोन्स मिळत नाहीत म्हणून रक्तस्राव होतो. बायका त्याला पाळी म्हणतात, पण ती नेहमीच्या अर्थाने पाळी नाहीच. स्त्रीबीज बाहेर पडलेलंच नसतं, अस्तर फारसं वाढलेलं नसतं, औषध थांबलं म्हणून थोडं रक्त जातं इतकंच. अमेरिकेत १९६०मध्ये पहिल्या गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली तेव्हापासून तीन आठवडे गोळी आणि एक आठवडा सुट्टी असा नेम पडला, महिन्याची पाळी येते तसं वाटावं म्हणून. शरीराला त्या सुट्टीची गरज नाही. ब्रिटनच्या लैंगिक व प्रजनन आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९च्या मार्गदर्शनात लिहूनच ठेवलं आहे की या सात दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही फायदा नाही.

त्यामुळे पाळी टाळायची पद्धत सोपी आहे. २१ पांढऱ्या संपल्या की तपकिरी सोडून द्यायच्या आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी घ्यायची. अशी तीन पाकिटं सलग घेऊन मग चार ते सात दिवस थांबणं ही एक रीत. अमेरिकेत ८४ दिवस सलग घ्यायचं तयार पाकीट २००३पासून आहे. दुसरी रीत म्हणजे घेतच राहायचं, आणि तीन-चार दिवस सलग डाग दिसले की चार दिवस थांबून पुन्हा सुरू करायचं. पण आधी किमान २१ गोळ्या झालेल्या असाव्यात, आणि खंड सात दिवसांच्या वर कधीच जाऊ नये, नाहीतर दिवस जाऊ शकतात. वर्षाला १३ऐवजी सतराएक पाकिटं लागतात, तेवढी घरात ठेवावीत. दुसऱ्या कंपनीची गोळी असेल तर पाकीट नीट वाचा. काहींत २४ हार्मोनच्या आणि ४ रिकाम्या असतात, आणि काहींत आठवड्यागणिक डोस बदलतो. डोस बदलणारी पाकिटं मनाने सलग घेऊ नयेत.

हे ज्यांना चालतं त्यांच्यासाठी सुरक्षित आहे. आकड्यांत सांगायचं तर गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांपैकी वर्षाला सुमारे दोघींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली संयुक्त गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत हा धोका यापेक्षा जास्त असतो.

पहिले तीन ते सहा महिने मात्र मध्येच डाग दिसतात. गोळी काम करत नाही असा त्याचा अर्थ नसतो, पण देवघरात बसलेल्या बाईला ते समजावून उपयोग नाही. म्हणून गौरींसाठी म्हणून आठ दिवस आधी पहिल्यांदा माला-डी सुरू करणं हा चुकीचा बेत. वारीला जायचं असेल, परदेशी जायचं असेल, तर निदान तीन महिने आधी या, सुरू करू, शरीराला सवय होऊ द्या.

रक्त आत साचतं का? नाही. ही भीती इतकी पसरलेली आहे की मी दर आठवड्याला तिचं उत्तर देते. साचायला आधी तयार व्हावं लागतं. सलग गोळी चालू असताना अस्तर पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडण्यासारखं काही नसतंच. "घाण बाहेर पडली नाही तर अंगावर उठेल" असं सासूबाई म्हणत असतील तर त्यांना सांगा, पाळीचं रक्त म्हणजे घाण नाही. ते तुमच्याच अंगातलं रक्त आणि तुमच्याच गर्भाशयाचं अस्तर असतं. आपल्या पणज्यांना सहा-सात मुलं व्हायची, प्रत्येक मूल दीड-दोन वर्षं अंगावर प्यायचं, आणि त्या सगळ्या काळात त्यांना पाळी फारच कमी यायची. महिन्याच्या महिन्याला, तीस-पस्तीस वर्षं, अशी पाळी बहुसंख्य बायकांना येऊ लागली ती अलीकडे. आपल्या देशात २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. ज्यांना खूप अंगावरून जातं त्यांच्यासाठी चार पाळ्या कमी येणं म्हणजे तेवढं लोह वाचणं.

संयुक्त गोळी, आणि वर सांगितलेल्या कारणाने तीन वेळची नॉरएथिस्टेरॉनही, कोणी टाळावी ते पटकन सांगते. ऑरावाली मायग्रेन. पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार. बीपी १४० बाय ९० किंवा वर. पस्तिशी ओलांडलेली आणि धूम्रपान करणारी. बाळंतपणाला सहा आठवडे न झालेली, आणि अंगावर पाजत असेल तर सहा महिने न झालेली. स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार. मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आधी सांगा. टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटांची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर संयुक्त गोळीचा असरच कमी होतो.

आणि काही गोळ्या या कामाच्याच नाहीत. संबंधांनंतर घ्यायची आय-पिल पाळी ढकलत नाही, उलट पुढचं सगळं चक्र विस्कटते. सरकारी केंद्रातली छाया, म्हणजेच सहेली, ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली हार्मोनविरहित गोळी. गर्भनिरोधक म्हणून चांगली, पण ती घेऊन हव्या त्या तारखेला पाळी टाळता येत नाही.

आता थोडं वैद्यकाबाहेरचं, पण माझ्या दृष्टीने तितकंच महत्त्वाचं. गोळी लिहून देण्याआधी मी प्रत्येकीला एकटीला आत बोलावून विचारते: पाळी कोणाला नको आहे, तुला की घरच्यांना? "मलाच नको, चार दिवस बाजूला बसायचं आणि नैवेद्याच्या वासाने नुसतं झुरायचं, त्यापेक्षा गोळी बरी" असं म्हणणारी असते. मी तिला प्रवचन देत नाही, तपासते आणि चालत असेल तर गोळी देते. तिचा सण आहे. पण "सासूबाईंनी पाठवलंय" म्हणून मान खाली घालून बसणारी असते, आणि दर वर्षी, दर सणाला येते. तिच्या सासूबाईंना मी आत बोलावते आणि सांगते की घरात दुसरं कोणी पूजा करू शकत असेल तर या मुलीच्या शरीरात औषध कशाला घालायचं? बऱ्याच जणी ऐकतात. त्यांना आजवर कोणी असं विचारलेलंच नसतं.

हा प्रश्न मी का धरून बसते, याला आपल्याच पुणे जिल्ह्याची पार्श्वभूमी आहे. फेब्रुवारी १९९४मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही, हे कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. पुढे २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण किती आहे हे राज्यभर गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. फडावर ना संडास ना पाणी, आणि पाळीमुळे खाडा झाला की उचलीतून पैसे कापणार. तात्पुरते, थांबवता येण्यासारखे उपाय असताना बाईचा अवयवच काढला गेला. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट आहे, वर्षभर घेतल्यावर निम्म्या बायकांची पाळी थांबते. हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवली की रक्तस्राव खूप कमी होतो, आणि वर्षभरात पाचांतल्या एकीची पाळी बंदही होते. हे दोन्ही उपाय सोडून देता येतात. काढलेलं गर्भाशय परत बसवता येत नाही.

आता तुमच्यापुरतं. गौरींना अजून सहा आठवडे आहेत, म्हणजे वेळ आहे. या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन बीपी मोजून घ्या आणि डोळ्यांसमोरच्या त्या चमकण्याचं वर्णन मला लिहिलंत तसंच त्यांना सांगा. गेल्या वर्षी जाऊबाईंच्या गोळीने काही झालं नसलं, तरी ती यंदा घेऊ नका. ऑरा नक्की झाला तर पाळी ढकलण्यासाठी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅमचा पर्याय असतो. तिचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत नाही. तीही तीन दिवस आधी, रोज तीन वेळा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. तेवढे दिवस निरोध वापरा.

पण मला गौरींपेक्षा तुमच्या त्या दोन दिवसांच्या दुखण्याची जास्त काळजी आहे. रजा टाकावी लागेल इतकं दुखणं हे "बाईच्या जातीला असायचंच" म्हणून सोडून देऊ नका. एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं, असू शकतो. तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या, आणि सोनोग्राफी साफ आली तरी दुखणं खोटं ठरत नाही, हे लक्षात ठेवा. पाळी थांबवणं हाच तिथे उपचार असतो आणि तो इस्ट्रोजेनशिवाय करता येतो: डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम, किंवा डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची रोज, खंड न पाडता घ्यायची गोळी, किंवा वर सांगितलेली गर्भाशयात बसवायची वस्तू. यांवर सुरुवातीला अवेळी डाग पडतात, म्हणून हे गौरींच्या तोंडावर नको, त्या झाल्यावर सुरू करा.

मूल व्हायला अडचण येत नाही. या गोळ्या थांबवल्या की साधारण एक-दोन महिन्यांत स्त्रीबीज पुन्हा बाहेर पडू लागतं. अंतरा थांबवल्यावर मात्र सहा-आठ महिने किंवा जास्तही लागू शकतात. तुम्हाला दोन वर्षांत मूल हवं आहे, म्हणून तुमच्यासाठी मी ती सुचवत नाही.

कोणतीही हार्मोनची गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, बोलताना जीभ जड झाली, हात लुळा पडला किंवा दिसेनासं झालं, तर गोळी बंद करून त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं. घरात आरती चालू असली तरी, आणि रस्ते मिरवणुकीसाठी बंद असले तर १०८ला फोन करून. हे तुमच्या मैत्रिणीलाही सांगा. आणि जाऊबाईंनाही बीपी मोजून घ्यायला सांगा, कारण त्या गोळ्या त्यांनी फक्त तुमच्यासाठी आणल्या नसतील.